पत्ता नसलेला रुग्ण

वर्धा आणि सेवाग्राम ही दोन रेल्वेस्थानके एकमेकांपासून अवघ्या काही किलोमीटरवर आहेत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे लोहमार्ग इथे एकत्र येतात. त्यामुळे इथल्या फलाटावर उतरणारा प्रवासी तेलुगू बोलणारा असू शकतो, ओडिया बोलणारा असू शकतो, बंगाली किंवा छत्तीसगढीही. बहुतेकांना कुठे जायचे ते ठाऊक असते. काहींना मात्र नसते. मन भरकटल्यावर घरातून निघालेला कुणी मिळेल त्या गाडीत बसतो आणि भूक लागली किंवा कुणी उतरवले की उतरतो. म्हातारपणी विसरभोळेपणा वाढलेली एखादी बाई चुकीच्या स्थानकावर उतरते आणि आपले गाव कोणते हे तिला सांगता येत नाही.

अशी माणसे मग काही दिवस फलाटावर, बसस्थानकाच्या आडोशाला, देवळाच्या ओट्यावर किंवा बंद दुकानाच्या पायरीवर दिसतात. पानठेल्यावाला त्यांना ओळखू लागतो, चहावाला एखादा कप देतो, कुणी आलुबोंडा हातावर ठेवतो. लोक निर्दय नसतात. पण पुढे काय करायचे ते कुणालाच ठाऊक नसते. माणूस आरडाओरडा करू लागला, अंगाला वास येऊ लागला, की कुणीतरी त्याला पुढच्या गाडीत बसवून देतो. गावापुरता प्रश्न सुटतो. आजार मात्र त्याच माणसासोबत पुढच्या गावात उतरतो.

दहा ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्याच तारखेला जगात अनेक ठिकाणी बेघर दिनही पाळला जातो. दोन्ही दिवस एकाच तारखेला येतात हा योगायोग असला, तरी या दोन प्रश्नांचे नाते योगायोगाचे नाही. मनाच्या आजाराने माणूस घराबाहेर पडतो आणि घराबाहेर राहिल्याने निरोगी माणसाचेही शरीर आणि मन ढासळते.

आकड्यांत किती माणसे?

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या पाइपांमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर झोपलेली माणसे मोजली गेली. देशभरात ही संख्या सुमारे १७ लाख ७० हजार भरली, महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. देशातले यांपैकी जवळपास निम्मे लोक ग्रामीण भागातले होते. बेघर म्हणजे मुंबईच्या पदपथावरचा माणूस, ही समजूत म्हणून अपुरी आहे. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, देवळी अशा गावांतही उघड्यावर रात्र काढणारी माणसे असतात. एका रात्रीच्या मोजणीत भटकणारा, लपणारा, हाकलला जाणारा माणूस सहज निसटतो, म्हणून खरी संख्या याहून मोठी असावी असे या क्षेत्रात काम करणारे मानतात.

वर्ध्याला हे नवे नाही

आजारामुळे घर सुटलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न वर्ध्याने नव्वद वर्षांपूर्वीच सोडवायला घेतला होता. तेव्हा तो आजार कुष्ठरोग होता. अंगावर चट्टा दिसला, बोटे वाकडी झाली, की माणूस गावाबाहेर जाई आणि उरलेले आयुष्य रस्त्यावर, घाटावर, देवळाबाहेर काढी. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. तरीही राहायला जागा, जखमांची निगा, पोटभर अन्न आणि हाताला काम एवढ्यावर माणसे जगली, उभी राहिली.

पुढे संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हा आजार घेऊन सेवाग्रामला आले. आश्रमात इतर माणसे होती, मुले होती, संसर्गाची भीती होती. गांधीजींनी तो प्रश्न टाळला नाही आणि शास्त्रींनाही परत पाठवले नाही. त्यांना वेगळी कुटी दिली आणि ते स्वतः त्यांची सेवा करू लागले. ती परचुरे कुटी आजही आश्रमात पाहता येते. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांनी नंतर वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले.

आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि रुग्ण घरी राहूनच बरा होतो. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मानसिक आजारांवरही १९५० च्या दशकापासून परिणामकारक औषधे आहेत. पण या आजारांचा रुग्ण आजही त्या काळच्या कुष्ठरुग्णाच्या जागी उभा आहे. औषध आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोचवणारे हात कमी आहेत.

भ्रमिष्ट दिसणारा प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो

रस्त्यावर असंबद्ध बोलणारा माणूस दिसला, की त्याला ‘वेडा’ ठरवून लोक मोकळे होतात. वैद्यकीयदृष्ट्या ही सर्वांत धोकादायक चूक असते. कालपर्यंत ठीक असलेला माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर त्यामागे रक्तातली साखर खूप कमी होणे, तीव्र ताप, मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूपर्यंत पोहोचलेला संसर्ग, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणे, डोक्याला लागलेला मार यांपैकी काहीही असू शकते. डोक्याला मार लागल्यावर मेंदूभोवती रक्त हळूहळू साचते आणि लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात. फुटपाथवर झोपणाऱ्याला तो मार कधी आणि कसा लागला हे सांगायलाही कुणी नसते.

नेहमी दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली, तर दोन ते चार दिवसांत त्याचे हातपाय थरथरतात, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, झटके येतात. त्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही हे रुग्ण अनोळखी नाहीत. शिवाय दीर्घ उपासमार आणि दारू यांमुळे बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते, तेव्हा तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मृती हरवते. वेळेत दिलेल्या इंजेक्शनने हे टळू शकते. म्हणून नियम सोपा ठेवावा : वागणे अचानक बदलले असेल, ताप असेल, ग्लानी असेल, झटका आला असेल, तर तो तातडीचा रुग्ण समजावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मे महिन्यात अंगावर तीन स्वेटर

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात अंगावर एकावर एक कपडे चढवून बसलेला माणूस अनेकांनी पाहिलेला असतो. काही मानसिक आजारांत हवामानाची जाणीव आणि अंगावर काय घालावे याचे भान कमी होते. कधी कारण अगदी व्यवहारी असते : ठेवायला जागा नाही, म्हणून सगळी मालमत्ता अंगावर. मानसिक आजाराच्या काही औषधांनी घाम कमी येतो, त्यामुळे उपचार सुरू असलेल्या रुग्णालाही उष्माघाताचा धोका अधिक असतो. अंग तापलेले आणि माणूस बरळतो आहे किंवा बेशुद्ध आहे, असे दिसले तर आधी सावली, मग अंगावर पाणी आणि वारा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

पायाच्या जखमा हा दुसरा मोठा भाग. मधुमेह किंवा जुना कुष्ठरोग असेल तर पायाची संवेदना गेलेली असते. खिळा रुतला तरी कळत नाही. अनवाणी चालून जखम चिघळते, माशा बसतात, अळ्या पडतात. अशा जखमेवर फिनेल, पेट्रोल ओतण्याचे प्रकार लोक चांगल्या हेतूने करतात, पण त्याने मांस जळते. स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालयात नेणे एवढेच करावे. आणि मदत म्हणून काही द्यायचेच असेल, तर जुन्या कपड्यांच्या आधी मापाची चप्पल द्यावी. एका चपलेच्या जोडाने पाय कापण्याची वेळ टळू शकते.

अन्नदानातही थोडी सावधगिरी लागते. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर, गोडधोड जेवण दिले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरू शकते आणि हृदयावर ताण येतो. हाडांचा सापळा झालेल्या माणसाला थोडे थोडे, वारंवार द्यावे आणि लवकर डॉक्टरांना दाखवावे.

क्षयाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे त्या माणसाचे आणि गावाचे हित एकच असते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळी ताप असेल तर थुंकी तपासली पाहिजे. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पत्ता नसलेल्या माणसाला सहा महिने गोळ्या कोण देणार, हा खरा पेच. क्षयरोग कार्यक्रमात उपचारावर लक्ष ठेवणारी व्यक्ती नातेवाईकच असावी असे बंधन नाही. जो रोज त्या माणसाला पाहतो तो चहावाला, पानठेल्यावाला, देवळातला पुजारी किंवा सफाई कामगारही ही जबाबदारी घेऊ शकतो. उपचारकाळात पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देते, पण त्यासाठी बँक खाते लागते आणि खात्यासाठी ओळखपत्र. त्या एका कागदासाठी कुणीतरी सोबत उभे राहणे, हीसुद्धा उपचारातलीच मदत आहे.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०० नुसार, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आपल्या हद्दीत भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तिची तपासणी झाली पाहिजे. व्यक्ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हीही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. दाखल करण्याची गरज नसेल, तर तिला घरी किंवा बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचे असते. याच कायद्यातील कलम १८ निराधार आणि बेघर व्यक्तींना मानसिक आजारावरील उपचार मोफत मिळण्याचा हक्क देते. शिधापत्रिका नाही, आधार नाही, या कारणाने हा हक्क संपत नाही.

म्हणजे ‘पुढच्या गाडीत बसवून देणे’ हा पर्याय कायद्यात कुठेच नाही. ११२ वर फोन करून ‘एक माणूस त्रास देतो आहे’ असे सांगण्याऐवजी ‘एक आजारी माणूस आहे, स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, कलम १०० प्रमाणे मदत हवी’ असे सांगितले, तर संभाषणच बदलते.

दुसरीकडे, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात भीक मागणे अजूनही गुन्हा ठरवतो. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच कायद्यातील भीक मागण्याला शिक्षा देणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. एकाच माणसाला एक कायदा रुग्ण म्हणून पाहतो आणि दुसरा गुन्हेगार म्हणून. कोणत्या नजरेने पाहायचे हे पुष्कळदा फोन करणाऱ्या नागरिकावर अवलंबून राहते.

निवारा हाही औषधोपचार

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील शहरी बेघर निवारा योजनेच्या निकषांनुसार शहराच्या प्रत्येकी एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी चोवीस तास खुला असणारा कायमस्वरूपी निवारा असावा आणि प्रत्येकाला किमान ५० चौरस फूट जागा मिळावी. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ६ हजार आणि हिंगणघाटची सुमारे १ लाख २ हजार होती. या हिशेबाने दोन्ही शहरांत प्रत्येकी शंभर जणांची सोय असायला हवी. प्रत्यक्षात किती खाटा आहेत, त्या बाजार आणि स्थानकापासून किती लांब आहेत, एकट्या बाईला तिथे सुरक्षित वाटते का, हे प्रश्न नागरिकांनी आपल्या नगरसेवकाला नळ आणि नालीइतक्याच सहजतेने विचारायला हवेत.

डॉक्टरांच्या दृष्टीने निवारा म्हणजे केवळ छप्पर नसते. गोळ्या ठेवायला जागा, जखम कोरडी राहण्याची हमी, पुढच्या तपासणीला निरोप पोहोचेल असे ठिकाण. ज्या रुग्णाला नातेवाईक नाहीत, त्याला रुग्णालयातून सोडायचे कुठे, हा वॉर्डातला रोजचा पेच असतो. त्याला सोडल्यावर पुन्हा त्याच पायरीवर जावे लागले, तर पंधरा दिवसांत तो त्याच जखमेसह परत येतो. जगातही हाच धडा मिळाला. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून ‘आधी घर, मग बाकीचे’ या पद्धतीने मानसिक आजार असलेल्या बेघरांना थेट राहण्याची जागा दिली गेली आणि उपचार त्यांच्या दारापर्यंत नेले गेले. फिनलंडने हीच पद्धत पुढे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली. चेन्नईची ‘द बनियन’ ही संस्था बरे झालेल्या, पण घरी परतू न शकणाऱ्या महिलांना चार-पाच जणींच्या छोट्या घरांत, सामान्य वस्तीत राहण्यासाठी साथ देते.

परतीचा रस्ता असतो

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये हे काम सुरू केले. मुंबईत नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिणारा एक तरुण त्यांनी पाहिला आणि उपचारासाठी आणला. बरा झाल्यावर तो सुशिक्षित, चांगल्या घरचा मुलगा असल्याचे कळले. तेव्हापासून संस्थेने हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवले. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्ण महिलांना कायमचे घर देते.

औषधांनी विचार सावरू लागले, की पुष्कळदा गावाचे नाव, शाळेचे नाव, भावाचे नाव आठवते. कधी आधारचे ठसेही मदत करतात. नागपूर स्थानकावर लहानपणी सापडलेल्या, बौद्धिक दिव्यांग असलेल्या एका मुलाची २०२१ मध्ये नागपुरात आधार नोंदणी करताना जुनी नोंद सापडली. त्यावरून जबलपूरमधले त्याचे कुटुंब दहा वर्षांनी मिळाले.

घरी पोहोचवले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. घरच्यांनी आशा सोडलेली असते, आजाराची लाज वाटत असते, शेजारी काय म्हणतील ही भीती असते. ‘आता बरा झाला’ म्हणून गोळ्या बंद केल्या, की आजार उलटतो आणि माणूस पुन्हा स्थानकाच्या दिशेने निघतो. गोळ्या रोज घेणे जमत नसेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शने उपलब्ध आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून अशी औषधे गावाजवळ मिळावीत, ही मागणी ग्रामसभेतही मांडता येते.

शेजाऱ्यांनी काय करावे

अनोळखी माणसाची भीती किती भयंकर वळण घेऊ शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिले. मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. आपली बाजू सांगू न शकणारा मनोरुग्ण अशा जमावापुढे तर आणखीच असहाय असतो. मोबाइलवर आलेला संशयाचा निरोप पुढे न पाठवणे ही त्याच्या जिवाची पहिली राखण आहे.

जवळ जाताना दोन पावले अंतर ठेवावे, शांतपणे बोलावे, पाणी पुढे करावे आणि नाव विचारावे. गाठोड्याला हात लावू नये, त्याचे सारे घर त्यात असते. हिंदीत उत्तर आले नाही तर वस्तीत तेलुगू किंवा बंगाली बोलणारा कुणी आहे का ते पाहावे. जबरदस्तीने आंघोळ घालून, केस कापून त्याची चित्रफीत पसरवू नये. उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाचे छायाचित्र संमतीविना प्रसिद्ध करण्यास कायद्यानेच मनाई आहे आणि रस्त्यावरच्या माणसालाही तेवढीच अब्रू असते. एकटी बाई असेल तर एखादी स्त्री सोबत घ्यावी आणि अंधार पडण्याची वाट न पाहता मदत बोलवावी.

स्थानक, बसस्थानक आणि बाजारातील दुकानदारांनी काही क्रमांक भिंतीवर लिहून ठेवले तरी मोठे काम होईल : रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६, निराधार वृद्धांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. फोन केल्यानंतर गाडी येईपर्यंत तिथेच थांबावे आणि माणूस किती दिवसांपासून इथे आहे, काय खातो, कधी बिघडला, हे आलेल्यांना सांगावे. रुग्णालयात अशा रुग्णाच्या कागदावर नावाच्या जागी बहुधा ‘अज्ञात, वय अंदाजे’ एवढेच असते. पानठेल्यावाल्याने सांगितलेल्या चार वाक्यांनी निदान लवकर होते. आणि त्याने नाव विचारून ठेवले असेल, तर कागदावर ‘अज्ञात’ऐवजी ते नाव लिहिता येते.